न घडलेल्या गोष्टींचा दिवस

आइस क्यूब या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन रॅप-गायकाची ‘द प्रेडेटर’ ही ध्वनिमुद्रिका १७ नोव्हेंबर १९९२ रोजी प्रकाशित झाली. रॅपला गायन म्हणावे की तालबद्ध वक्तृत्व, हा वाद मी बाजूस ठेवतो. वकिलाने वक्तृत्वाला नाके मुरडणे शोभत नाही.

त्याच वर्षी २९ एप्रिलला सिमी व्हॅली येथील ज्यूरीने, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकास बेदम मारणाऱ्या चार पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले. मारहाणीची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली होती. ज्यूरीत कृष्णवर्णीय एकही नव्हता. नंतर लॉस एंजेलिसमध्ये उसळलेल्या दंगलीत पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ही मुद्रिका त्या निकालावरील अपीलच होय, असे प्रथम वाटते.

परंतु अपील म्हणून ती दुबळी आहे. निकालाचा थेट समाचार घेणाऱ्या गीतांत संताप खरा असला, तरी वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका गायक स्वतःकडेच घेतो. स्त्रियांविषयीची त्याची भाषा तर कोणत्याही संतापाच्या सबबीखाली क्षम्य ठरत नाही. अपवाद ‘हू गॉट द कॅमेरा’चा. मार खाणारा माणूस कोणाजवळ कॅमेरा आहे काय, असे विचारतो; आणि कॅमेरा असूनही काय झाले, हे श्रोत्यास ठाऊक असते.

मुद्रिकेचे खरे बळ मात्र ‘इट वॉज अ गुड डे’ या गीतात आहे. त्यात काय घडते? आईच्या हातची न्याहारी, चेंडूचा खेळ, फाशांत मिळालेले पैसे. पोलिसांची गाडी न थांबता निघून जाते. ओळखीचे कोणी मारले जात नाही. बंदुकीची गरज पडत नाही. हा दिवस सुखाचा ठरतो तो मुख्यतः न घडलेल्या गोष्टींमुळे. आणि त्या गोष्टींची यादी ऐकता ऐकता इतर दिवसांचे स्वरूप आपोआप सिद्ध होते. आरोपपत्र इतक्या मृदू स्वरात मी क्वचितच ऐकले आहे.

त्या मृदुतेला इतिहास आहे. १९९० साली याच गायकाची पहिली स्वतंत्र मुद्रिका बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांनी असंख्य ध्वनितुकड्यांच्या गजबजाटातून उभारली होती. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने परवानगीवाचून जुने ध्वनिमुद्रण वापरणे बेकायदा ठरविले (निकालपत्राचा आरंभ बायबलमधील चोरीविषयक आज्ञेने होतो!), आणि तो गजबजाट फार महाग झाला. या गीताखाली प्रामुख्याने आइस्ली ब्रदर्सची १९७७ सालची एकच संथ चाल वाहते. चारच आठवड्यांनी डॉ. ड्रे याची ‘द क्रॉनिक’ आली आणि अशा संथ, गोड वाद्यसंगतीचीच चलती झाली. तेथे मात्र ती बहुधा ऐषआरामाची संगत करते. येथे तिच्या तळाशी भीती आहे.

एफ. गॅरी ग्रे याने केलेल्या चित्रफितीत अखेरीस पोलीस घराला वेढा घालतात. ते मला अनावश्यक वाटले. गीतात तशी सोय आधीच आहे: शेवटी गायक एकाएकी वाद्ये थांबवावयास सांगतो, आणि आपण हा कसला विचार करीत बसलो होतो, असे स्वतःलाच दटावतो.