‘वेटेन’ : तक्त्यात न दिसणारं व्याकरण

मंडळी, आज एकच डच क्रियापद घेऊ. ‘वेटेन’, म्हणजे माहीत असणं. आपल्या वेतनाशी त्याचा काही संबंध नाही! रूपं मोजकीच आहेत: इक वेट, हाय वेट, अनेकवचनी वेटेन, भूतकाळी विस्ट, विस्टेन, आणि धातुसाधित ‘खेवेटेन’.

शिकवणीची पुस्तकं याला ‘अनियमित’ म्हणतात आणि ‘विस्ट’कडे बोट दाखवून पुढे जातात. माझा आक्षेप इथेच आहे. खरी गोम ‘वेट’मध्ये आहे, आणि डचमध्ये ती झाकली गेली आहे. ‘तो’साठी डच क्रियापदाला एरवी ट लागतो: इक वेर्क, हाय वेर्क्ट. ‘वेट’च्या शेवटी ट आधीच असल्यामुळे तो लागला की नाही, हे कळायला मार्गच नाही. शेजारच्या जर्मनमध्ये बघा: इख व्हाइस, एर व्हाइस. प्रत्यय नाहीच. कारण हे रूप मुळात वर्तमानकाळाचं नव्हेच. ते जुन्या पूर्णकाळाचं आहे: ‘पाहिलं आहे’, म्हणून ‘ठाऊक आहे’.

आता संस्कृतातला विद् धातू आठवा. दोन्ही एकाच मुळाचे. ‘वेद’ म्हणजे ‘जाणतो’. प्रत्यय लिट्‌चा, अर्थ वर्तमानाचा. पाणिनीनं याला अपवाद म्हणून बाजूला टाकलं नाही. विद्‌पुढे वर्तमानाच्या प्रत्ययांच्या जागी विकल्पानं लिट्‌चे प्रत्यय येतात, असा सरळ नियमच केला. म्हणून ‘वेत्ति’ही चालतं, ‘वेद’ही.

स्वरांचंही तसंच. एकवचनी वेद, अनेकवचनी विद्म. गॉथिकमध्ये वाइट आणि विटुम. डचमध्ये ‘वेट’चा ए जुन्या ‘आइ’पासून आला, ‘वेटेन’चा ऱ्हस्व ‘इ’पासून, आणि आज दोन्ही सारखेच ऐकू येतात. तक्ता पाठ करणाऱ्याला यातलं काय दिसणार?

अर्थाचीही तीच गत. इंग्रजीमार्गे शिकलं की ‘वेटेन’ आणि ‘केनेन’ दोन्ही ‘नो’ होतात, आणि मराठी विद्यार्थी उगाच गोंधळतो. त्याच्याकडे तर फरक आधीच आहे: ‘इक वेट हेट’ म्हणजे ‘मला माहीत आहे’, ‘इक केन हेम’ म्हणजे ‘मी त्याला ओळखतो’. आपण ‘मी त्याला माहीत आहे’ म्हटलं तर अर्थच उलटा होतो ना!