छत कोणाचे, वीज कोणाची? : वसई-विरारमधील सामुदायिक सौरऊर्जा आणि ऊर्जा अभिकरणाची भूमिका

अक्षय ऊर्जेच्या चर्चेत ‘लोकसहभाग’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. सौर कृषिपंपाच्या योजनेत लाभार्थ्याने भरलेला दहा टक्के हिस्सा हा लोकसहभाग ठरतो. सौर प्रकल्पासाठी गावाने भाडेपट्ट्याने दिलेली गायरान जमीन हाही लोकसहभागच. परंतु समुदायाच्या पुढाकाराने उभी राहणारी ऊर्जा असे जिला म्हणता येईल, तिच्यात मालकी, निर्णय आणि हिशेब या तिन्ही गोष्टी समुदायाच्या हाती असाव्या लागतात. अशा पुढाकाराला स्थानिक ऊर्जा अभिकरणांकडून कोणता आधार मिळतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात वसई-विरारच्या संदर्भात केली आहे. अनुदान हा आधाराचा सर्वांत सोपा भाग असून अवघड भाग आजवर कोणीच पुरेशा गांभीर्याने उचललेला नाही, असे या चिकित्सेतून दिसते.

स्थानिक ऊर्जा अभिकरण ही कल्पना युरोपात विशेषतः १९९० च्या दशकात रुजली. नगरपालिका किंवा प्रांत यांच्या पातळीवर काम करणारे, वीज न विकणारे आणि यंत्रसामग्रीही न विकणारे एक छोटे सल्लागार कार्यालय, असे तिचे स्वरूप होते. डेन्मार्कमधील साम्सो बेटाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९९७ मध्ये डॅनिश शासनाने ‘अक्षय ऊर्जेचे बेट’ म्हणून त्याची निवड केली, तेव्हा तेथील लोकसंख्या चार हजारांच्या आसपास होती. २००० मध्ये जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या मालकीच्या होत्या, तर दोन बेटावरील रहिवाशांनी भाग घेऊन सामायिक मालकीत घेतल्या. २००३ मध्ये समुद्रात आणखी दहा आल्या. पवनचक्क्यांच्या संख्येपेक्षा लक्षणीय गोष्ट ही की, बेटावरच्याच एका शिक्षकाने, सोरेन हर्मनसेन यांनी, अनेक वर्षे बैठका घेऊन लोकांच्या शंका ऐकल्या. अभिकरणाचे खरे काम त्या बैठकांत झाले.

महाराष्ट्रात या भूमिकेच्या सर्वांत जवळची संस्था म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, अर्थात ‘महाऊर्जा’. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमान्वये १९८५ मध्ये तिची नोंदणी झाली आणि पुढील वर्षी पुण्यातून कामकाज सुरू झाले. केंद्रात १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाल्यावर राज्याराज्यांत ज्या समन्वय संस्था निर्माण झाल्या, त्यांच्यापैकीच ही एक. पुढे २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये राज्याची पदनिर्देशित संस्था म्हणूनही तिच्यावर जबाबदारी आली. पवनऊर्जा, साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती आणि ऊर्जा परीक्षण या क्षेत्रांत तिचे कार्य मोठे आहे, याबद्दल दुमत नसावे. मात्र तिची घडण राज्यस्तरीय आहे. योजना वरून येते, उद्दिष्ट मेगावॉटमध्ये ठरते, पुरवठादारांची यादी निश्चित होते आणि नागरिकाचा अर्ज त्या यादीकडे वळवला जातो. शैक्षणिक संस्थांच्या आवारांत उभारलेली ऊर्जा उद्याने हीही याच दृष्टीची निर्मिती. दाखवण्यासाठी उत्तम, परंतु शेजारच्या वस्तीचा प्रश्न त्यांना कधी विचारला गेला नाही. (असे उद्यान ज्या आवारात आहे, तेथील प्राध्यापकांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.)

वसई-विरारचा संदर्भ या चर्चेला एक वेगळी धार देतो. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून आणि डहाणूचा औष्णिक प्रकल्प १९९० च्या दशकापासून आजच्या पालघर जिल्ह्याच्या भूमीवर उभा आहे. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वसईच्या खाडीपलीकडील मुंबई उजळलेली असे आणि अलीकडे नालासोपाऱ्यातील चाळी व इमारती अंधारात बसत. त्या संकटाला येथील नागरिकांनी दिलेले उत्तर मात्र सामुदायिक नव्हते. घरोघरी आलेला इन्व्हर्टर हेच ते उत्तर. ज्या तालुक्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चे जनआंदोलन उभे राहिले आणि जेथे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँकेसारखी संस्था १९१८ पासून चालत आली आहे, त्या तालुक्यात हे घडावे, याचा विचार करायला हवा. पाणी, जमीन आणि पत यांबाबत समुदाय म्हणून उभे राहणारे लोक विजेबाबत केवळ ग्राहक राहिले. वीज ही आपण निर्माण करण्याची वस्तू आहे, हे त्यांना सांगणारे कार्यालय जवळपास नव्हते, हे त्याचे निदान एक कारण म्हणता येईल.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. या क्षेत्रात दोन प्रकारची छते आहेत. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या पट्ट्यात वाडीतले स्वतंत्र घर आणि त्यावर एका कुटुंबाचे कौल किंवा स्लॅब. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना मात्र चार-पाच मजली गृहनिर्माण संस्था, जेथे छत सर्वांचे आहे आणि म्हणूनच कोणाचेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ या दोन छतांकडे सारख्या नजरेने पाहत नाही. स्वतंत्र घराला तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपये, म्हणजे सरासरी किलोवॉटमागे २६,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थेला सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात.

सोळा सदनिकांच्या एका इमारतीचे गणित मांडल्यास या फरकाचा अर्थ स्पष्ट होतो. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते. पाण्याच्या टाक्या व जिन्याची खोली वगळता शंभर चौरस मीटर छत उरले असे मानले, तर दहा किलोवॉटची यंत्रणा बसेल. किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट धरल्यास महिन्याला सुमारे १,२०० युनिट, म्हणजे सदनिकेमागे ७५ युनिट वीज मिळेल. अनुदान एकूण १,८०,००० रुपये, म्हणजे कुटुंबामागे ११,२५० रुपये. वाडीतल्या कुटुंबाला ७८,००० आणि सदनिकेतल्या कुटुंबाला ११,२५०, असे हे प्रमाण आहे. शिवाय ती वीज जिन्यातले दिवे, पंप आणि उद्वाहक यांच्या सामायिक मीटरपुरतीच वळती होणार. छतावरील वीज प्रत्येक सदनिकेच्या देयकात वाटून देण्याची आभासी नेट मीटरिंगची पद्धत दिल्लीच्या विद्युत नियामक आयोगाने २०१९ मध्येच स्वीकारली. महाराष्ट्रातील २०१५ च्या विनियमांची मूळ कल्पना मात्र एक छत, एक मीटर, एक ग्राहक अशी होती, आणि ती कल्पना सदनिकांच्या शहराला मापाची नव्हती.

याहून बिकट प्रश्न मालकीचा आहे. अनेक संस्थांच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या अधिनियमात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. तरीही कागदपत्रांच्या अभावी अर्ज अडतात. काही इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही, तर काही मुळातच अनधिकृत आहेत. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत न्यायालयीन आदेशानुसार पाडण्यात आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. अशा शहरात पंचवीस वर्षे आयुष्य असलेली यंत्रणा कोणत्या छतावर बसवावी, हा प्रश्न प्रथम स्थापत्याचा व कायद्याचा आहे, ऊर्जेचा नंतर. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हरकती येतात त्याही याच स्वरूपाच्या. छिद्रे पाडल्यावर गळती झाली तर वरच्या मजल्यावरच्या सभासदाने कोणाकडे जावे? गळती थांबवण्यासाठी आधीच घातलेल्या पत्र्याच्या शेडचे काय करायचे? सदनिका विकणाऱ्याला त्याने भरलेली वर्गणी परत मिळेल काय? सूर्यप्रकाशाविषयी कोणी शंका घेत नाही.

या प्रश्नांची उत्तरे देणे हेच स्थानिक अभिकरणाचे काम. परंतु धोरणाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. २०१९ मध्ये केंद्राने छतावरील सौर कार्यक्रमाचा दुसरा टप्पा मंजूर केला आणि निवासी छतांच्या अंमलबजावणीची जबाबदारी राज्य अभिकरणांकडून वीज वितरण कंपन्यांकडे सोपवली. मीटर कंपनीचाच, जोडणीही तिचीच, तेव्हा एक खिडकी सोयीची, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. कंपन्यांना प्रोत्साहनपर रक्कमही देऊ केली गेली. तरीसुद्धा जास्त वीज वापरणारा आणि वेळेवर देयक भरणारा ग्राहक सौरऊर्जेकडे वळला की वितरण कंपनीचे उत्पन्न घटते, हे वास्तव बदलत नाही. ज्या संस्थेचे नुकसान होणार तिच्याच हाती प्रोत्साहनाचे काम देण्यात हितसंबंधांचा सरळ विरोध आहे. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन दहा किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट मिळाली, हे स्वागतार्ह. पण त्याने जोडणीचा विलंब कमी होतो. छताचा वाद सुटत नाही.

मधले काम म्हणजे काय, हे पाहण्यासाठी शहराबाहेर जावे लागते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे २०१२ मध्ये ३९ घरांसाठी सुमारे साडेनऊ किलोवॉटची सौर सूक्ष्म वीजजाळी उभी राहिली. भांडवल एका जर्मन सौर कंपनीचे होते, तर मध्यस्थाची भूमिका पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने पार पाडली. तेथे वीज फुकट वाटली गेली नाही. गावाचा न्यास स्थापन झाला, घरोघरी मीटर बसले, देखभालीचा खर्च भागेल असा दर ठरला आणि वसुली गावानेच हाती घेतली. पालघर जिल्ह्यातही जव्हारची प्रगती प्रतिष्ठान ही संस्था आदिवासी पाड्यांवर सौरदिवे व सौरपंपाच्या पाणीयोजना यांसाठी काम करीत आली आहे. या दोन्ही ठिकाणी अभिकरणाचे काम स्वयंसेवी किंवा सामाजिक उद्योगसंस्थेने केले, ही बाब प्रशंसेची तशीच चिंतेचीही आहे. कारण अशी संस्था जेथे पोहोचली तेथेच हे घडले. नालासोपाऱ्याच्या इमारतीत कोणी पोहोचायचे?

समुदायाच्या हाती सर्व सोपवले की सर्व ठीक होते, असेही नव्हे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा इतिहास या बाबतीत डोळ्यांआड करता येत नाही. १९६९ मध्ये नोंदणी झालेल्या या संस्थेने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याच्या काही तालुक्यांत चार दशके वीज वितरित केली. अखेर थकबाकीच्या वादात २०११ मध्ये तिचे वितरणाचे काम महावितरणकडे गेले. संस्था वीज निर्माण करीत नव्हती, घाऊक दराने घेऊन विकत होती. सभासद कागदावर मालक आणि व्यवहारात ग्राहकच राहिला. दरेवाडीच्या ३९ घरांत हिशेब डोळ्यांसमोर होता, मुळा-प्रवरात तो दृष्टीआड गेला. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आकाराचा हा मुद्दा मनावर घ्यायला हवा. वसई-विरारसाठी विचार करायचा तो संपूर्ण शहराच्या एका मोठ्या ऊर्जा संस्थेचा नव्हे, तर दहा-बारा गृहनिर्माण संस्थांच्या गटाचा, ज्यात एकाच अभियंत्याकडून छतांचे परीक्षण, एकच कर्जप्रस्ताव आणि एकच देखभाल करार शक्य होईल.

अशा गटांसाठी महापालिकेच्या आवारात महाऊर्जेचा एक अभियंता, सहकार खात्याचा एक जाणकार आणि स्थानिक सहकारी बँकेचा एक प्रतिनिधी आठवड्यातून दोन दिवस एकत्र बसू शकला, तरी आज तीन कार्यालयांत विखुरलेली उत्तरे एका ठिकाणी मिळतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्या मनुष्यबळाची गरजही थोडीच आहे. मात्र त्या अभियंत्याला इमारत तपासून, हे छत हा भार पेलेल किंवा पेलणार नाही, असे स्वाक्षरीनिशी लिहून द्यावे लागेल. पेलणार नाही असे लिहिले, तर त्या महिन्याच्या उद्दिष्टातील दहा किलोवॉट कमी होतील. आणि उद्दिष्ट मेगावॉटमध्ये मोजणाऱ्या अहवालात आज तरी अशा नकारासाठी रकाना नाही.