डॉ. द कुन्हा यांचें वसईचें लेखवाचन व उरणचीं थडगीं

डॉ. जर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८७६ त मुंबईस प्रसिद्ध झाला. उत्तर कोंकणांतील फिरंगी देवालयांविषयीं लिहूं पाहणारास अद्यापि प्रथम त्याच्याच दारीं जावें लागतें. १९७० पासून नव्या मुंबईच्या योजनेंत ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील गांवें गेलीं. १९८९ त न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें. आणि उरण-करंजा येथील जुन्या ख्रिस्ती देवालयांचा व दफनभूमींचा इतिहास कोणीं तरी लिहावा ही इच्छा आतां वारंवार ऐकूं येते. असा इतिहास लिहिणारा द कुन्हा यांचाच कित्ता गिरवील, हें उघड आहे. म्हणून त्या कित्त्याचे गुणदोष आधीं पाहणें इष्ट होय.

गुण मोठा आहे. थडग्यांवरील पोर्तुगीज लेख त्यांनीं मुळासह दिले. जेसुइटांच्या देवालयांत इझाबेल द आगियार या विधवेची शिला आहे. मृत्यु २४ जानेवारी १५९१, आणि ती तेथील विद्यालयाची मोठी उपकारकर्ती होती असें शिला सांगते. फिलिपा द फोन्सेका हीहि विधवाच. १६२८ त वारली, आणि जिवंतपणींच आपलें सर्वस्व तिनें देवालयास दिलें होतें. ज्यानें पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८७७ त, सह्याद्रिखंड पाठभेदांसह छापिलें, त्याच्याकडून मूळ पाठाविषयींची ही आस्था अपेक्षितच होती.

तथापि लेख सर्व ग्रंथभर कथनाच्या ओघांत विखुरले आहेत, आणि त्यामुळें वाचक लेखापेक्षां लेखकाच्या कथेवर विसंबतो. याचा परिणाम पुढील लेखकांवर झालेला दिसतो. वसईच्या सेंट जोसेफच्या मुख्य देवालयावर १६०१ चा लेख आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत, पेद्रु गाल्वांव परेरा हे व्हिकर असतां, देवालयाचें नूतनीकरण झालें, असा त्याचा आशय. क्रियापद नूतनीकरणाचें आहे, स्थापनेचें नव्हे. देवालय सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनचें आहे. असें असतां वसई पाहावयास जाणारे कित्येक लोक १६०१ हाच बांधणीचा सन म्हणून घरीं घेऊन येतात. आमच्या देवळांच्या लेखांत जीर्णोद्धार व प्रतिष्ठा यांचा असाच घोंटाळा होतो, आणि तो करणारे सर्वच संस्कृतानभिज्ञ असतात असें नाहीं! उलट या किनाऱ्यावरील अनेक देवालयांची स्थापना एकट्या फ्रे आंतोनियु दु पोर्तु या फ्रॅन्सिस्कनाच्या नांवावर घालण्याची जी वहिवाट आहे, तिला प्रत्येक ठिकाणीं पुरावा कोणता, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

थडग्यांच्या लेखांत आणखी एक पद विचारणीय आहे. ‘अमुकाचें व त्याच्या वारसांचें थडगें’ असें पोर्तुगीज शिलांवर पुष्कळदां असतें. हें केवळ स्मारक नव्हे, तो हक्काचा लेख आहे. देवालयाच्या फरशीखालील तेवढी जागा त्या कुळाची झाली, आणि पुढें त्याच शिलेखालीं पुत्रपौत्रहि ठेविले जाऊं शकत. म्हणून ‘वारला’ हें पद जेथें नाहीं तेथें नुसत्या सनास मृत्युसन मानणें धोक्याचें. शिलाहारांच्या दानशिलांवर हक्काच्या रक्षणासाठीं गाढवाचा शाप कोरीत. फिरंग्यांना ‘वारस’ हा एक शब्द पुरेसा वाटला.

परंतु फरशीखालीं जागा मिळाली ती फिदाल्गूंना, पाद्र्यांना व धनिक विधवांना. गांवचा कोळी, मीठकरी, कुणबी ख्रिस्ती आवारांतील मातींत गेला, आणि बहुधा दगडावांचून गेला. शिलांवरून लिहिलेला इतिहास त्यामुळें आपोआप मूठभरांचा होतो. द कुन्हा यांच्या ग्रंथांत हें व्यंग आहे, आणि तें त्यांच्या अनुकरणानें वाढेल. त्यावर उपाय पॅरिशच्या वह्यांचा. बाप्तिस्मे व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ त केली. मृत्यूच्या नोंदींचा विधि १६१४ च्या रोमी विधिग्रंथांत आला. दफनभूमीचा खरा लेखसंग्रह ह्या वह्या होत, दगड ही त्याची पुरवणी.

मराठी कागद द कुन्हा यांच्या काळीं उपलब्ध नव्हते, हा दोष त्यांचा नव्हे. रा. गो. स. सरदेसाई यांनीं संपादिलेला पेशवे दप्तराचा १६ वा खंड वसईच्या मोहिमेचाच आहे. आज तो हातीं असतां एकट्या फिरंगी बाजूनें लिहिणें अक्षम्य ठरेल. वसईहून आलेल्या म्हणून सांगतात त्या घंटांचीहि फेरतपासणी व्हावी. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन आहे. भीमाशंकरच्या घंटेचा सन मात्र निरनिराळ्या वर्णनांत निरनिराळा छापला आहे. घंटा एक, सन अनेक. आणि घंटा तर देवळापुढेंच टांगलेली, कोणीहि जाऊन वाचावी!

आतां उरण. शोधकानें प्रथम एक लक्षांत ठेवावें. हा प्रदेश १८८३ त ठाणें जिल्ह्यांतून कुलाब्यांत गेला, म्हणून करंजाचें जुनें वर्णन कुलाब्याच्या नव्हे तर ठाण्याच्या १४ व्या, १८८२ च्या, ग्याझेटियर-खंडांत पाहावें. वसईच्या अंमलाखालील हें बेट मराठ्यांकडे आलें व सालबाईच्या तहानें १७८२ त इंग्रजांकडेच राहिलें. अर्थात् कागद लिस्बन, गोवा, पुणें व मुंबई अशा चार ठिकाणीं शोधावे लागतील. याच भागांत चाणजे येथें शिलाहार अपरादित्याचा शके १०६० चा व रानवड येथें सोमेश्वराचा शके ११८१ चा लेख मिळाला. त्यांचें वाचन जितक्या कसोशीनें झालें तितक्याच कसोशीनें फिरंगी शिलांचें व्हावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

त्यासाठीं पाद्रीसाहेबांची अनुज्ञा घेऊन, पावसाळ्यापूर्वीं, प्रत्येक शिलेचें माप, स्थान व दिशा टिपावी. अक्षरांत खडू किंवा रंग भरूं नये. भरलेला रंग पुढें अक्षर म्हणून वाचला जातो. तिरप्या उन्हांत छायाचित्र व ओल्या कागदाचा ठसा, दोन्ही घ्यावीं. तुटलेलें अक्षर तुटलेलेंच छापावें, आणि शिला जेथें आहे तेथून ती कोणाच्याहि संग्रहासाठीं हलवूं नये. हें शेवटचें आमच्या संग्राहक मित्रांस विशेषेंकरून.