भिंतीवरचा नकाशा काय सांगत नाही?

भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगला जाणारा प्राकृतिक नकाशा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मैदाने हिरवी, पठारे पिवळी, पर्वत तपकिरी. समुद्रसपाटीपासूनची उंची तो नीट दाखवतो. तक्रार नकाशाबद्दल नाही, तो वाचायला शिकवण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल आहे.

पहिला घोटाळा रंगाचा. हिरवे म्हणजे झाडी, असे मुले सहज धरून चालतात. मग कच्छचे रण हिरवे कसे? ते समुद्रसपाटीलगत आहे, एवढाच त्या रंगाचा अर्थ. उलट महाबळेश्वरचे दाट जंगल तपकिरी रंगाखाली झाकून जाते.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. नकाशातला सह्याद्री दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या भिंतीसारखा वाटतो. प्रत्यक्षात कर्जत सुमारे ५० मीटर उंचीवर आहे. तेथून २८ किलोमीटरांत रेल्वे लोणावळ्याला सुमारे ६२० मीटरवर पोचते. पुढे पुणे सुमारे ५६० मीटरवर. म्हणजे गाडी घाट चढली, पण पलीकडे उतरलीच नाही! कारण आपण पर्वत ओलांडला नाही, पठारावर आलो. सह्याद्री ही मुख्यतः दख्खनच्या पठाराची झिजलेली पश्चिम कड आहे.

एवढे कळले की बाकीचे आपोआप उलगडते. पठाराचा उतार पूर्वेकडे, म्हणून अरबी समुद्र जवळ असूनही महाबळेश्वरची कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाचे ढग कडेवर चढतात आणि तिथेच बरसतात. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास.

आपण मात्र पर्वत, पठार, मैदान यांच्या तीन व्याख्या पाठ करून घेतो. माणमधला मुलगाही 'पर्जन्यछायेचा प्रदेश' लिहून गुण मिळवतो. पण आपल्या गावच्या आटलेल्या विहिरीशी त्या शब्दाचा संबंध त्याला कोणी दाखवत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. मुंबई, कर्जत, लोणावळा, पुणे, सोलापूर यांच्या उंची आलेखकागदावर मांडून मुलांकडून छेद काढून घ्यावा. उभे प्रमाण फुगवलेले आहे, हे जरूर सांगावे. मग एकच प्रश्न विचारावा: पावसाचे पाणी कुठे जाईल? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.