३९ जणांची मोजणी: लिंकनचं भाषण आणि आपला डेटा

गुलामगिरीवरचे अमेरिकन वाद म्हटले की आपल्याला घणाघाती वक्तृत्व आठवतं. पण २७ फेब्रुवारी १८६० ला न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये लिंकनने केलेलं भाषण उघडा. सुरुवातीचा मोठा भाग चक्क मोजणी आहे! रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर देणाऱ्यांनी तो एकदा वाचाच.

स्टीफन डग्लस म्हणत होता, राज्यघटना घडवणाऱ्या पूर्वजांना हा प्रश्न आपल्यापेक्षा चांगला कळत होता. लिंकनने हे वाक्य खोडलं नाही, मान्य केलं. मग व्याख्या ठरवल्या. पूर्वज म्हणजे घटनेवर सही करणारे ३९ जण. प्रश्न एवढाच: केंद्राच्या ताब्यातल्या प्रदेशांत गुलामगिरीवर नियंत्रण आणायला केंद्र सरकारला मनाई आहे का? १७८४ ते १८२० मधली त्यांची मतं शोधली, तर ३० नोंदी निघाल्या. पण पाच नावं दोनदा आणि अब्राहम बाल्डविन तीनदा आलेला! दुबार नोंदी काढून उरले २३. त्यातले २१ नियंत्रणाच्या बाजूचे. (माझ्या पहिल्या तक्त्यात एकच नमुना दोनदा मोजला गेला होता. तो गाइडने पकडला, मी नाही.)

आता रिव्ह्यूअरच्या खुर्चीत बसा. १७८९ च्या कायद्यावर नावानिशी मतदान झालंच नव्हतं. विरोध झाला नाही म्हणून लिंकन ते एकमत धरतो आणि त्या काँग्रेसमधले १६ सहीकर्ते 'बाजूने' टाकतो. म्हणजे हजेरीपटावरून मत काढलं. शिवाय घटनेची शपथ घेतलेला माणूस घटनाबाह्य कायद्याला मत देणार नाही, हा त्याचा मुख्य आधार. पण १७८४ आणि १७८७ ची मतं तर घटना लागू होण्याआधीची! तिथे शपथ कुठली?

विरोधातल्या दोघांबाबत मात्र तो सावध आहे. त्यांनी केवळ सोयीसाठीही विरोध केला असेल, हे तो स्वतःच सांगतो. नोंद न सापडलेल्या १६ जणांना तो २१ मध्ये मिसळत नाही. त्यांच्यात फ्रँकलिन, हॅमिल्टनसारखे गुलामगिरीविरोधी होते एवढं सुचवतो, आणि दक्षिण कॅरोलायनाचा रटलेज कदाचित अपवाद असेल हेही जोडतो. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

खरी अडचण नमुन्याच्या बाहेर आहे. त्या वर्षी अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती. इथे मोजली गेली ती ३९ गोऱ्या पुरुषांची मतं, आणि त्यांच्यातले अनेक जण स्वतः गुलामांचे मालक. डग्लसचं वाक्य मान्य केलं तिथेच कोणाचं मत मोजायचं हे ठरून गेलं. जिथे गुलामगिरी आधीच आहे तिथे हात लावणार नाही, असंही याच भाषणात आहे. वादात जिंकायला ही चौकट पुरेशी होती. पण गुलामाला स्वातंत्र्य द्यायचं की नाही, हा प्रश्न तिच्यात बसतच नव्हता.

त्याच वर्षी नॉट आणि ब्रेनर्ड या दोघांनी प्रत्येक दावा तपासून तळटिपांसह भाषणाची पुस्तिका काढली. वाचायची तर तीच आवृत्ती घ्या, आणि २३ चा आकडा स्वतः मोजून बघा.