शीतनिद्रा की निरवानिरव? : एका पारिभाषिक रूपकाची चिकित्सा

संगणकाच्या परिभाषेतील ‘हायबरनेशन’ या संज्ञेला मराठीत ‘शीतनिद्रा’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. आणि सहज सुचणाऱ्या प्रतिशब्दाची जितकी कसून तपासणी व्हावयास हवी, तितकी बहुधा होत नाही. शब्द सुबोध आहे, श्रुतिमधुर आहे, शालेय जीवशास्त्रामुळे परिचितही आहे. परंतु पारिभाषिक शब्दाची कसोटी तो किती लवकर कळतो ही नसून, कळल्यानंतर वाचकाला कोणत्या दिशेने नेतो ही आहे. त्या कसोटीवर ‘शीतनिद्रा’ आणि तिच्या पाठोपाठ येणारी ‘स्मृतीची पुनःप्राप्ती’ ही दोन्ही पदे सदोष ठरतात. हा दोष केवळ शब्दलालित्याचा नाही.

अक्कलकोटच्या एखाद्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला गेला, तर समोरच्या विद्यार्थ्याच्या अनुभवात त्याला आधार कोणता? सोलापूर जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला थंडीने जीव निजत नाहीत. जमिनीत दडी मारणारे बेडूक आणि शंखाचे तोंड लेपून घेणाऱ्या गोगलगायी येथे निश्चेष्ट होतात त्या कोरड्या, तापलेल्या महिन्यांत. येथली निद्रा ग्रीष्मनिद्रा आहे. अर्थात शब्द दूरदेशीचे हवामान घेऊन येतात, एवढ्यावरून कोणी त्यांना परत पाठवीत नाही. खरा आक्षेप निराळा आहे. अस्वल निजण्यापूर्वी अंगावर चरबी चढविते. संगणक निजण्यापूर्वी अंगावरचे उतरवितो. ‘शीतनिद्रा’ हा शब्द निजण्याकडे लक्ष वेधतो, आणि निजण्याच्या आधी घडणारी, सर्वांत विवेकाची क्रिया झाकून टाकतो.

मूळ लॅटिन शब्दाकडे पाहिले तर ही अडचण निम्मी सुटते. ‘हिबेर्ना’ म्हणजे सैन्याच्या हिवाळी छावण्या. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. आपल्याकडे ऋतू तेवढा बदलतो. सभासदाच्या बखरीत लष्कराने पावसाळा छावणीत काढावा, दसरा होताच कूच करावे, आणि निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची मोजदाद व्हावी, अशी व्यवस्था वर्णिली आहे. निद्रेत मोजदाद नसते, छावणीत असते. संगणकाच्या या क्रियेत मोजदाद हेच सर्वस्व आहे.

लिनक्स या मुक्त प्रणालीची संहिता कोणासही वाचता येते, म्हणून तिचाच आधार घेणे सोयीचे. क्रम असा : प्रथम चालू असलेली सर्व कार्ये गोठविली जातात, मग रॅममधील जागा मोकळी केली जाते, मग उपकरणे शांत केली जातात, मग रॅममधील अवस्थेची प्रत घेतली जाते, आणि मग, ज्याने निजावयाचे तोच पुन्हा डोळे उघडून, डिस्क जागी करून, ती प्रत डिस्कवर लिहितो व वीज तोडतो. प्रत घेतली जात असताना डिस्कसुद्धा निश्चल असावी लागते, म्हणून ती प्रत रॅममध्येच ठेवावी लागते. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच घरात मावली पाहिजेत. सबब जतन करावयाचा ऐवज एकूण रॅमच्या निम्म्याहून अधिक असून चालत नाही. समजा, रॅम ८ जीबी आहे आणि तीपैकी ६ जीबी व्यापलेली आहे. उरलेल्या २ जीबींत ६ जीबींची प्रत मावणार नाही. प्रणाली आपल्या नेहमीच्या मर्यादेनुसार, म्हणजे रॅमच्या सुमारे दोन-पंचमांश इतक्या मापापर्यंत, येथे ३.२ जीबीपर्यंत, हा ऐवज खाली आणण्याचा यत्न करते. विंडोज १० मध्येही हायबरनेशनच्या फाइलीचे रूढ माप रॅमच्या ४० टक्के असते. पण ते डिस्कवरील फाइलीचे माप आहे, रॅममधील प्रतीचे नव्हे. आकडे जुळले म्हणून कारणे जुळत नाहीत.

आता काय उतरवावयाचे, हा प्रश्न. रॅममधील पृष्ठे सारखी नसतात. काही पृष्ठे डिस्कवरील फाइलींच्या केवळ नकला असतात. त्यांत बदल झालेला नसेल तर ती तत्काळ टाकून देता येतात, कारण मूळ शाबूत आहे. काहींत बदल झालेला असतो, पण तो डिस्कवर पोचलेला नसतो. इंग्रजीत अशा पृष्ठाला ‘मळके’ म्हणतात. आपल्या पेढीवरचा जुना कारकून ‘कीर्दीत आहे, खतावणीत नाही’ असे अधिक नेमके म्हणाला असता. अशी नोंद आधी खतावणीत उतरते, मग तिची जागा सुटते. तिसरी पृष्ठे अनामिक : चालू कार्यक्रमाने निर्माण केलेली, जिला मागे कोणतीच फाइल नाही अशी सामग्री. त्यांना डिस्कवरील ‘स्वॅप’ नावाच्या राखीव भागात हलवावे लागते. बहुधा शयनप्रतही त्याच भागात लिहिली जाते. तेव्हा यांना हलविल्याने रॅम मोकळी होते, डिस्क होत नाही.

या क्रियेला इंग्रजीत ‘मेमरी रिक्लेम करणे’ म्हणतात, आणि अनुवादकाच्या हातून ‘स्मृतीची पुनःप्राप्ती’ असा शब्द पडतो. मराठी कानाला ‘स्मृती पुन्हा प्राप्त झाली’ याचा एकच अर्थ लागतो : विसरलेले आठवले. वस्तुतः येथे उलट घडत आहे. जे पुन्हा पाहता येईल ते विसरले जात आहे. घोटाळ्याचे मूळ असे की इंग्रजी ‘मेमरी’प्रमाणे आपण ‘स्मृती’ हा एकच शब्द आशयालाही लावतो आणि आशय ठेवण्याच्या ठिकाणालाही. रिक्लेम होते ते ठिकाण. आशयाचा निरोप घेतला जातो. मुंबईकराला ‘रेक्लमेशन’ परिचित आहे, पण तेथे भराव घालून जागा मिळविली, येथे रिकामी करून. यापेक्षा ‘जागा मोकळी करणे’ हा साधा प्रयोग निर्दोष आहे. अक्कलकोटात त्याचे आणखी एक बळ आहे : घरी कन्नड आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जागा’ दोन्हीकडे सापडते, कारण कन्नडात ‘जाग’ याच अर्थाने रुळला आहे. (‘जागा’ म्हणजे न निजलेला, हा मराठीतील निराळा शब्द, निद्रेच्या चर्चेत तो मध्येच डोकावतो, त्याला इलाज नाही.)

जागा किती मोकळी करावी याविषयी लिनक्सच्या रचनाकारांत दीर्घ मतभेद होता, आणि तो वाचण्यासारखा आहे. आरंभीच्या पद्धतीचा कल शक्य तेवढे सर्व उतरविण्याकडे होता. प्रत लहान राही, परंतु जागे झाल्यावर यंत्र मंद चाले, कारण टाकलेले प्रत्येक पृष्ठ डिस्कवरून पुन्हा आणावे लागे. निगेल कनिंगहॅम यांनी ‘टक्सऑनआइस’ या स्वतंत्र रचनेत विरुद्ध टोक गाठले : जी पृष्ठे दरम्यान बदलणार नाहीत ती आधीच डिस्कवर लिहून ठेवावयाची, मग त्यांच्याच जागेत उरलेल्यांची प्रत घ्यावयाची, अशा रीतीने जवळजवळ संपूर्ण रॅम जतन होई आणि निम्म्याची अटही सैल पडे. ही युक्ती बुद्धिमान होती. परंतु ‘ही पृष्ठे बदलणार नाहीत’ या गृहीतकावर सारा डोलारा उभा होता, आणि ती रचना मुख्य संहितेत कधीच समाविष्ट झाली नाही. मुख्य संहितेने मर्यादेचा आकडा वापरणाऱ्याच्या हाती दिला : शून्य लिहिल्यास प्रत लहानात लहान होते. २००९ साली राफाएल विसॉत्स्की यांनी जागा सोडविण्याची रीतही पालटली. व्यवस्थापनाला जागेची गरज कळविली तर जातेच. पण तेवढ्यावर न थांबता प्रणाली स्वतःच ती जागा अडवून धरू लागते, त्या दाबाने इतरांना सरकावे लागते, आणि काम भागल्यावर अधिकची जागा सोडून दिली जाते. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या प्रवाशाला हे तत्त्व शिकवावे लागणार नाही.

या सर्व व्यापाराला मराठीत तयार शब्द आहे : निरवानिरव. ‘निरवणे’ म्हणजे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, सोपविणे. निघण्यापूर्वी मनुष्य काय बरोबर घेतो, काय कोणाकडे ठेवतो, काय परत मिळेल म्हणून सोडतो, हे सारे त्यात येते. टाकलेले पृष्ठ नष्ट होत नाही. ते डिस्कच्या भरवशावर सोडलेले असते. ‘शीतनिद्रा’ हे नाव रूढच होणार असेल तर त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण तिच्या पूर्वीच्या टप्प्याला ‘निरवानिरव’ म्हटल्यास विद्यार्थी दोन चुकांपासून वाचेल.

पहिली चूक भीतीची. भारनियमनाच्या वर्षांत, बॅटरीची शेवटची काही मिनिटे उरलेली असताना, अर्धा टंकित प्रबंध तसाच ठेवून यंत्र निजविणाऱ्याला ‘जागा मोकळी करताना माझा मजकूर तर जाणार नाही ना’ ही शंका स्वाभाविक होती. न जतन केलेला मजकूर हे अनामिक पृष्ठ. त्याची दुसरी प्रत कोठेच नाही, म्हणून ते टाकले जात नाही. ते शयनप्रतीत असते किंवा स्वॅपमध्ये.

दुसरी चूक निर्धास्तपणाची, आणि ती अधिक महाग पडते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर दोन प्रणाली बसविलेल्या असतात. एक निजविली, दुसरी सुरू केली, आणि पहिलीच्या फाइलींत काही लिहिले. ‘निद्रा’ हा शब्द यात वावगे काही सुचवीत नाही, निजलेल्याच्या घरात पाऊल न वाजविता वावरता येते. परंतु पहिली प्रणाली उठते ती ज्यांच्या स्वाधीन सर्व केले त्या फाइली जशाच्या तशा आहेत असे धरून. तिच्या हिशेबात जुनी मोजदाद आहे, डिस्कवर नवी स्थिती आहे. आणि जागी होताच ती जुन्या हिशेबाप्रमाणे नव्यावर लिहू लागते.