गावरहाट आणि परकी सत्ता

गावरहाट ही केवळ देवळापुरती बाब नव्हे, हे देवगड-मालवणकडील वाचकांस सांगावयास नको. रवळनाथाचा कौल, तरंगांची मिरवणूक आणि मानकऱ्यांचा क्रम यांनी गावाची घडी बसलेली असते. म्हणूनच मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गावी चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कादंबरी वाचताना नायजेरिया दूरचा वाटत नाही. तेथील इग्बो गावात आपल्या कोनफळाच्या जातीच्या कंदावर घराची प्रतिष्ठा मोजली जाते, मुखवटे चढविलेले पूर्वज निवाडा करतात आणि डोंगरगुहेतील दैवताच्या संमतीवाचून युद्धास कोणी निघत नाही.

ही घडी गोऱ्या अंमलदारांनी व मिशनऱ्यांनी मोडली, असे म्हणून पुष्कळ वाचक थांबतात. ग्रंथकार मात्र तेथे थांबत नाही. तीन वर्षे घरात वाढलेला, ओकोंक्वोस बाप म्हणणारा इकेमेफुना दैवताच्या आज्ञेने मारला जातो आणि आपण दुबळे ठरू या भयाने ओकोंक्वो स्वतःच त्याच्यावर घाव घालतो. पुढे त्याचा मुलगा न्वोये नव्या धर्मात जातो, त्याचे बीज या रात्रीत आहे. जुळी अर्भके रानात टाकावी लागलेल्या माता आणि गावाने वाळीत ठेवलेले लोक यांनाही ते नवे दार उघडे दिसते. भेग आधीचीच होती. परक्याने तीत पहार घातली. तरी लेखक जेत्यास दोषमुक्त करीत नाही. अखेरीस एका माणसाचे सारे आयुष्य आपल्या नियोजित ग्रंथात एका परिच्छेदात बसवू पाहणारा अंमलदार विसरता येत नाही.

आमच्या कोकणच्या कादंबरीकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? श्री. ना. पेंडसे यांनी ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये एका घराण्याचा उत्कर्ष व ऱ्हास विस्ताराने रंगविला. परंतु कूळ तेथे बहुधा खोताच्या ओसरीवरूनच दिसते. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, कायदा १९४९ साली झाला. पण हा लढा ज्यांचा, त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली तितकीच मोठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. अचेबे यांच्याच वर्षी, १९३० साली जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’ (१९६६) मध्ये श्रद्धेचा अंतर्भाग धैर्याने उकलला. राज्यसत्ता मात्र त्यांच्या चित्राबाहेर राहिली.

गावरहाटीचे गोडवे गाणारे लेख आज वाढत आहेत. त्यांत मानकऱ्यांची नावे असतात. देवळाच्या पायरीखाली उभ्या राहिलेल्यांची नसतात. अचेबे यांनी आपल्या पूर्वजांवर प्रेम केले आणि त्यांची झडतीही घेतली. कोकणच्या लेखकाकडून आम्ही याहून कमी अपेक्षा का करावी?